उत्तर काढू नका, माहिती पुरते का ते बघा

सीसॅटच्या पेपरमध्ये 'माहितीची पर्याप्तता' म्हणजे डेटा सफिशियन्सीचे प्रश्न दिसले की ते सोडून पुढे जा, असा सल्ला आपल्या मुलामुलींना सर्रास दिला जातो. क्लासवाले देतात, सीनियर देतात आणि ज्यांची पूर्व परीक्षा दोनदा गेली आहे तेही देतात. कारण ठरलेलं असतं. हे प्रश्न फसवे असतात, त्यात बीजगणित असतं आणि बीजगणित आपल्या मुलांचं कच्चं असतं. माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. जो विद्यार्थी घरातला पहिलाच पदवीधर आहे, ज्याच्याकडे महागड्या क्लासची फी नाही आणि ज्याला ३० पर्यंतचे पाढे तोंडपाठ नाहीत, त्याने गणिताच्या सगळ्या भागांत सर्वांत आधी हाच भाग हातात घ्यावा.

चळवळीच्या लेखनात बीजगणित कशाला, असं काही मित्रांना वाटेल. 'शिका' हा शब्द आपण रोज उच्चारतो. मग काय शिका आणि कसं शिका, हेही कधीतरी बोलायला हवं.

मी गणिताची पदवीधर नाही. समाजशास्त्रात एम.ए. केलं, वस्त्यांमध्ये सामाजिक काम करते आणि आठवड्यातले चार दिवस संध्याकाळी आमच्या विहाराच्या वरच्या मजल्यावर अभ्यासिकेत पोरांबरोबर बसते. पोलीस भरती, तलाठी, बँक, राज्यसेवा, यूपीएससी, सगळे उमेदवार तिथे एकाच चटईवर असतात. गणिताला कायमचा शिक्षक मिळत नाही, म्हणून दहावीची पुस्तकं पुन्हा उघडून मी स्वतःच ते घ्यायला लागले. त्या अनुभवातून हे लिहिते आहे.

आधी परीक्षेचा हिशेब बघू. यूपीएससीने पूर्व परीक्षेत २०११ साली सीसॅट आणला. ग्रामीण आणि भारतीय भाषांतून शिकलेल्या मुलांवर तो अन्याय करतो म्हणून २०१४ साली दिल्लीत मोठं आंदोलन झालं आणि २०१५ पासून हा पेपर फक्त पात्रतेचा ठरला. पुढे महाराष्ट्र लोकसेवा आयोगानेही तोच मार्ग धरला. 'फक्त पात्रतेचा' हे ऐकायला सोपं वाटतं. यूपीएससीच्या पेपरात ८० प्रश्न, २०० गुण आणि २ तास असतात. म्हणजे एका प्रश्नाला दीड मिनिट. बरोबर उत्तराला २.५ गुण, चुकीला त्याचा एक तृतीयांश वजा. पात्रतेला ३३ टक्के, म्हणजे ६६ गुण हवेत. एकही उत्तर चुकलं नाही तरी २७ प्रश्न बरोबर यायला हवेत. ही ३३ टक्क्यांची अट सगळ्या प्रवर्गांना सारखीच आहे. इथे अडखळलात तर सामान्य अध्ययनाच्या पहिल्या पेपरात कितीही गुण मिळवा, ते धरलेच जात नाहीत. वर्षभर राज्यघटना आणि इतिहास पाठ केलेली आपली कितीतरी पोरं या दारात अडतात. अशा वेळी गणिताचा एक अख्खा प्रकार न वाचताच सोडून द्या, हा सल्ला परवडणारा नाही.

आता प्रश्नाचं स्वरूप. वर एक प्रश्न असतो आणि खाली दोन विधानं असतात. प्रश्नाचं उत्तर काय, हे विचारलेलं नसतं. उत्तर द्यायला ही विधानं पुरतात का, एवढंच विचारलेलं असतं. यूपीएससीमध्ये साधारण चार पर्याय असतात. दोहोंपैकी एकच विधान एकटं पुरतं, दुसरं पुरत नाही. दोन्हींपैकी कोणतंही एक एकटं पुरतं. एकटं कोणतंच पुरत नाही, पण दोन्ही मिळून पुरतात. आणि दोन्ही मिळूनही पुरत नाहीत. बँकेच्या परीक्षांत पहिल्या पर्यायाचे दोन तुकडे होतात, 'फक्त पहिलं' आणि 'फक्त दुसरं', म्हणून तिथे पाच पर्याय असतात. यूपीएससीचा पेपर हिंदी आणि इंग्रजीत येतो. मराठी माध्यमातली मुलं पुष्कळदा बीजगणितात चुकतच नाहीत, ती या पर्यायांच्या भाषेत चुकतात. 'कोणतंही एक' आणि 'दोन्ही मिळून' यांतला फरक घाईत निसटतो. म्हणून आमच्या भिंतीवर हे चार पर्याय मराठीत मोठ्या अक्षरांत लावले आहेत.

पुस्तकात चलांसाठी इंग्रजी अक्षरं असतात. इथे मी क्ष आणि य लिहिते.

पहिलं उदाहरण. प्रश्न: क्ष + य किती? विधान १: ३क्ष + ३य = २१. विधान २: क्ष − य = १. आमच्याकडची बहुतेक मुलं लगेच दोन्ही समीकरणं एकाखाली एक मांडतात आणि क्ष ४, य ३ असं काढून 'दोन्ही मिळून पुरतात' या पर्यायावर खूण करतात. काढलेल्या किमती बरोबर असतात, पण खूण चुकते. कारण क्ष किती आणि य किती हे कोणी विचारलंच नव्हतं. विचारली होती बेरीज. पहिल्या विधानाला ३ ने भागलं की बेरीज ७ मिळते, क्ष आणि य वेगवेगळे कळोत वा न कळोत. पहिलं विधान एकटंच पुरेसं आहे. दुसऱ्यावरून मात्र बेरीज कळत नाही. म्हणून पहिला नियम असा की प्रश्न दोनदा वाचायचा आणि नेमकं काय विचारलं आहे त्याखाली रेघ मारायची.

दुसरं उदाहरण. प्रश्न: क्ष किती? विधान १: क्षचा वर्ग = ९. विधान २: क्ष शून्यापेक्षा मोठा आहे. पहिलं विधान वाचल्यावर पोरं म्हणतात, क्ष ३, संपलं. पण उणे ३ चा वर्गही ९ च असतो. विधानाने दोन किमती दिल्या, एक नाही. दुसरं विधान जोडलं तर उणे ३ गळतो आणि ३ उरतो. म्हणून दोन्ही मिळून. असंच 'क्षचा वर्ग = ५क्ष' हे विधान. दोन्ही बाजूंनी एकेक क्ष छाटला की ५ उरतो, असं वाटतं. पण क्ष शून्य असेल तरी हे समीकरण खरं आहे, आणि शून्याने भागता येत नाही म्हणूनच तो क्ष असा छाटायचा नसतो. इथे किमती दोन, ० आणि ५.

संख्या धनच असणार, पूर्णच असणार, शून्य नसणारच, हे प्रश्नात कुठे लिहिलं होतं? कुठेच नाही. लहानपणापासून आंबे, रुपये आणि मजूर यांचीच गणितं केली, त्यामुळे हे गृहीतक आपण घरून घेऊन येतो. प्रश्न तयार करणाऱ्याला ते ठाऊक असतं. म्हणून दुसरा नियम: कागदावर जे दिलेलं नाही ते मनातून घालायचं नाही. क्ष म्हटलं की धन, ऋण, शून्य आणि अपूर्णांक या चारही जागा तपासायच्या.

तिसरं उदाहरण सगळ्यांत जास्त फसवतं. प्रश्न: एका वहीची किंमत किती? विधान १: २ वह्या आणि ३ पेन मिळून ९५ रुपये. विधान २: ४ वह्या आणि ६ पेन मिळून १९० रुपये. दहावीत आपल्याला शिकवलेलं असतं की चल दोन असतील तर समीकरणं दोन हवीत. इथे दोन आहेत, म्हणजे पुरतात, अशी खूण होते. पण दुसरं विधान म्हणजे पहिल्याचीच दुप्पट. वही २५ ची आणि पेन १५ चं घ्या, दोन्ही विधानं खरी. वही ४० ची आणि पेन ५ चं घ्या, तरी दोन्ही खरी. दिसायला विधानं दोन, माहिती मात्र एकच. उत्तर: दोन्ही मिळूनही पुरत नाहीत.

हे उदाहरण शिकवताना मला नेहमी बाबासाहेबांचा एक निबंध आठवतो. १९१६ च्या मे महिन्यात कोलंबिया विद्यापीठातल्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात, वयाच्या २५ व्या वर्षी, त्यांनी 'कास्ट्स इन इंडिया' वाचला. त्यात सेनार्ट, नेसफिल्ड, रिस्ले आणि केतकर यांच्या जातीच्या व्याख्या त्यांनी एकेक करून तपासल्या. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी जातीची दोन लक्षणं सांगितली होती. सदस्यत्व गटात जन्मलेल्यांपुरतंच असतं, हे एक. गटाबाहेर लग्नाला बंदी असते, हे दुसरं. केतकरांच्या व्याख्येचं मोल मान्य करूनच बाबासाहेबांनी दाखवून दिलं की ही दोन वेगळी लक्षणं नाहीत, एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत. गटाबाहेरच्या लग्नाला बंदी घातली की सदस्यत्व आपोआप गटात जन्मलेल्यांपुरतं उरतं. एकातून दुसरं निघतं. तिथून ते गटांतर्गत विवाह हेच जातीचं खास लक्षण आहे, या मुद्द्यावर येतात. ते काही समीकरणं सोडवत नव्हते. पण दोन म्हणून मांडलेल्या गोष्टी खरोखर दोन आहेत का, ही तपासणी तीच आहे. एम.ए.ला हा निबंध आम्ही परीक्षेपुरता वाचला होता. त्यातली ही बारकाई मला वह्या आणि पेनाच्या गणिताने जास्त नीट दाखवली.

उलट बाजूही आहे. कधी एकच समीकरण पुरतं. पेन ७ रुपयांना, पेन्सिल ५ रुपयांना. प्रश्न: पेन किती घेतले? विधान १: एकूण खर्च ३९ रुपये. विधान २: पेन आणि पेन्सिली मिळून ७ नग. इथेही हात 'दोन्ही मिळून' कडे जातो. पण पेन अर्धं विकत मिळत नाही. ३९ मधून ७ च्या पटी वजा करत जा: ३२, २५, १८, ११, ४. यातल्या फक्त २५ ला ५ ने भाग जातो. म्हणजे पेन २, पेन्सिली ५, दुसरी शक्यताच नाही. पहिलं विधान एकटं पुरतं. आता ३९ च्या जागी ७४ लिहा. २ पेन आणि १२ पेन्सिली, किंवा ७ पेन आणि ५ पेन्सिली, दोन्ही जमतं, आणि तेच विधान अपुरं पडतं. त्यामुळे 'इतके चल, इतकी समीकरणं' असं पाठ केलेलं सूत्र इथे चालत नाही. प्रत्येक वेळी तपासावं लागतं.

आणखी एक घोळ 'आहे का' प्रकारच्या प्रश्नांत होतो. प्रश्न: क्ष १० पेक्षा मोठा आहे का? विधान: २क्ष + ५ = १७. क्ष ६ येतो, म्हणजे १० पेक्षा मोठा नाही. मुलं लिहितात, विधान पुरेसं नाही. का? तर उत्तर 'नाही' आलं म्हणून. पण ठाम 'नाही' हेही उत्तरच आहे. माहिती अपुरी तेव्हाच, जेव्हा कधी 'हो' आणि कधी 'नाही' येतं.

इथून या सगळ्या प्रकाराची किल्ली मिळते. माहिती अपुरी आहे हे दाखवायला मोठं गणित लागत नाही, फक्त दोन उदाहरणं लागतात. विधान दोन्हींत खरं हवं आणि उत्तरं वेगळी यायला हवीत. समजा विचारलं, क्ष हा य पेक्षा मोठा आहे का? विधान १: क्षचा वर्ग यच्या वर्गापेक्षा मोठा आहे. क्ष ३ आणि य २ घ्या, उत्तर 'हो'. क्ष उणे ३ आणि य २ घ्या, उत्तर 'नाही'. काम झालं, विधान अपुरं. विधान २: क्षचा घन यच्या घनापेक्षा मोठा आहे. आता कितीही उदाहरणं घ्या, 'हो'च येतं. पण उदाहरणं 'हो' देत आहेत म्हणून विधान पुरेसं, असं म्हणता येत नाही. त्यासाठी कारण लागतं. इथे ते आहे: संख्या वाढली की तिचा घनही वाढतोच, ऋण संख्यांतसुद्धा. अपुरेपणाला दोन उदाहरणं बास होतात, पण पुरेपणाला कारण द्यावं लागतं.

आता मूळ सल्ल्याकडे येते. हे प्रश्न सोडा म्हणणारे म्हणतात, यात वेळ जातो. वेळ जातो तो शेवटपर्यंत सोडवत बसल्याने. माहिती पुरते हे कळलं की तिथेच थांबायचं असतं. आकडेमोड कमी, पाढे कमी, शॉर्टकट तर जवळपास नाहीतच. शहरातल्या क्लासने दहा वर्षं घोकून घेतलेला वेग इथे फारसा कामाला येत नाही. शिवाय अर्धं कळलं तरी उपयोग होतो. यूपीएससीच्या चार पर्यायांत पहिलं विधान एकटं पुरतं एवढं जरी ठरवता आलं, तरी 'दोन्ही मिळून पुरतात' आणि 'मिळूनही पुरत नाहीत' हे दोन पर्याय बाद होतात. दोनच उरतात. बरोबर आलं तर २.५ मिळतात, चुकलं तर ०.८३ जातात. दोहोंतून एक निवडण्यात सरासरीने फायदाच आहे, चारांतून आंधळेपणाने निवडण्यात नाही.

फसवे प्रश्न आहेत हे खरंच आहे. पण हे फसवणं ठरावीक जागी होतं. ऋण संख्या, शून्य, अपूर्णांक, दुप्पट केलेलं समीकरण, न विचारलेलं उत्तर, ठाम 'नाही'. सहा जागा आहेत. त्या लिहून ठेवता येतात.

आमच्या अभ्यासिकेतली एक मुलगी शहरातल्या एका क्लासमध्ये चौकशीला गेली होती. वडील बांधकामावर मिस्त्रीच्या हाताखाली, आई चार घरची धुणीभांडी करते. तिथल्या समुपदेशकाने दहावीची गुणपत्रिका बघितली, गणितात ३८. घरात कोण शिकलंय ते विचारलं. मग म्हणाला, राज्यसेवेचा नाद सोड, लिपिकाची तयारी कर. ती येऊन गप्प बसली होती. विचारल्यावर सांगितलं आणि म्हणाली, "ताई, तो बरोबरच बोलला असंल."

मी फळ्यावर लिहिलं. प्रश्न: ही उमेदवार सीसॅटमध्ये पात्र ठरेल का? विधान १: दहावीला गणितात ४० पेक्षा कमी गुण. विधान २: घरात आजवर कोणी पदवीधर नाही. सगळे हसले, ती नाही हसली. बराच वेळ फळ्याकडे बघून तिने चटईवरच्या दोघांकडे बोट केलं. एकाला दहावीला ३६ होते, दुसऱ्याला ३९. दोघंही घरातले पहिलेच पदवीधर. एक गेल्या वर्षी पात्र ठरला होता, दुसरा थोडक्यात राहिला होता. दोन्ही विधानं दोघांनाही लागू आणि उत्तरं वेगळी. ती म्हणाली, "दोन्ही मिळूनही पुरत नाहीत." मागून कोणीतरी ओरडलं, "म्हंजे तू पास होणार!" तिने मान हलवली. "तसं पण नाही निघत त्यातून. अभ्यास करावा लागंल."

तिची परीक्षा अजून व्हायची आहे. ती पात्र ठरेल असं मी इथे लिहिणार नाही, कारण तेवढी माहिती माझ्याकडे नाही. पण त्या दिवशी तिने जे नाकारलं ते फार मोठं होतं. आपल्या मुलांबद्दल दोन ओळींच्या माहितीवर निकाल देणारी माणसं शाळेपासून नोकरीपर्यंत भेटतात. त्यांना शिव्या देऊन आपलं मन हलकं होतं, निकाल मात्र तसाच राहतो. 'तुमची विधानं या निष्कर्षाला पुरत नाहीत, आणि ही बघा दोन उदाहरणं' असं म्हटलं की समोरच्याला कारण द्यावं लागतं. हेच माप आपल्या बैठकांनाही लावायला हवं. मोबाइलवर आलेला एक मजकूर आणि त्याचीच दुसऱ्या शब्दांतली दुप्पट वाचून आपणही 'दोन पुरावे' म्हणत ठराव करतोच की.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांच्यासाठी आमची पद्धत देते.

१. प्रश्नात नेमकं काय विचारलं आहे त्याखाली रेघ मारा. किंमत, बेरीज, की 'हो-नाही'?

२. पहिलं विधान एकटं तपासा. निकाल बाजूला लिहा.

३. दुसरं विधान वाचताना पहिलं हाताने झाका. खरोखर झाका. पहिल्यातली माहिती नकळत दुसऱ्यात ओतली जाते, ती अशीच थांबते.

४. दोन्ही एकटी अपुरी पडली तरच एकत्र करा.

५. 'पुरत नाही' म्हणालात तर दोन उदाहरणं लिहा. 'पुरतं' म्हणालात तर एक ओळीचं कारण लिहा.

यूपीएससीच्या जुन्या प्रश्नपत्रिका आयोगाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. रोज पाच प्रश्न घ्या, एकट्याने नको, चौघं मिळून. एकाने 'पुरतं' म्हणायचं आणि बाकीच्यांनी त्याला खोडून काढायला उदाहरण शोधायचं. आमच्याकडे हा वाद कधीकधी रात्री दहापर्यंत चालतो. ज्यांच्या वस्तीत अभ्यासिका आहे त्यांनी या आठवड्यापासून सुरू करावं. जिथे नाही, तिथे विहाराची एक खोली आणि एक फळा सुरुवातीला पुरतो.

जयभीम.